वेडेवाकडे दात : तार केव्हा, कशी आणि किती दिवस?

तापखोकल्यासाठी मुलाला घेऊन आलेले आईवडील औषधाची चिठ्ठी हातात पडल्यावर उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टरसाहेब, याचे दात पुढे येताहेत, क्लिप लावावी का?" पूर्वी हा प्रश्न शहरातला समजला जाई. आता तो कुरुंद्यासारख्या गावातही नेहमीचा झाला आहे आणि ही चांगलीच गोष्ट आहे. तारेने दात सरळ होतात हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. मात्र त्याला साधारण दीड-दोन वर्षे लागतात, दर महिना-दीड महिन्याला दंतवैद्याकडे जावे लागते आणि तार काढल्यावरही उपचार संपत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यामुळे मोठ्या हौसेने सुरू केलेला उपचार अर्ध्यावर सुटतो. पैसे जातात, दात तसेच राहतात, वर तारेखाली कीड लागते ती वेगळीच.

मी एमबीबीएस डॉक्टर. दातांना तार लावणे हे माझे काम नव्हे. ते काम ऑर्थोडॉन्टिस्टचे, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याचे खास शिक्षण घेतलेल्या दंतवैद्याचे. पण त्यांच्याकडे जाण्याआधी घरातल्यांनी काय समजून घ्यावे, हे सांगणे आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांचे काम आहे. म्हणून आजचा लेख.

दात वाकडे का येतात?

पहिले कारण आनुवंशिकतेचे. जबडा लहान आणि दात मोठे असतील तर दातांना जागा पुरत नाही. बसच्या दोनजणांच्या बाकावर तिघे बसले की एकजण पुढे सरकतो, दुसरा आडवा होतो, तसेच दातांचे होते. काहींचा वरचा जबडा पुढे असतो, काहींचा खालचा. हे बहुधा घराण्यातून येते.

दुसरे कारण आपल्या हातातले आहे. दुधाचे दात एकूण 20. "ते पडणारच आहेत, मग कीड लागली तर बिघडले कुठे?" असे अनेकजण म्हणतात. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. किडीमुळे अशी दाढ सातव्या वर्षीच काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते, जागा अडवते आणि येणारा दात वाट मिळेल तिकडून वाकडा बाहेर पडतो. दुधाची दाढ लवकर काढावी लागलीच तर ती जागा धरून ठेवणारी छोटी पट्टी बसवता येते. दाढ काढताना दंतवैद्याला त्याविषयी जरूर विचारावे.

तिसरे कारण सवयींचे. दोन-तीन वर्षांचे मूल अंगठा चोखते, त्याची काळजी करू नये. चार वर्षांच्या आसपास सवय सुटली तर दात बहुधा आपोआप जागेवर येतात. मात्र कायमचे दात येऊ लागल्यावरही अंगठा तोंडात असेल तर वरचे दात पुढे ढकलले जातात आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये फट पडते. मिरची चोळून किंवा मारून सवय सुटत नाही, मूल चोरून चोखू लागते. गोडीने समजवावे, रात्री अंगठ्याला कापडी पट्टी बांधावी, तेवढ्याने न जमल्यास दंतवैद्याला दाखवावे.

रात्री तोंड उघडे ठेवून झोपणारे, घोरणारे, सतत सर्दी असणारे मूल असेल तर आधी नाक-घशाची तपासणी करून घ्यावी. नाकामागची गाठ वाढल्याने मूल तोंडाने श्वास घेते, आणि वर्षानुवर्षे तसे चालले तर वरचा जबडा अरुंद होऊ शकतो.

दात सरकतो तरी कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये अतिशय बारीक तंतूंचा एक थर असतो. तो एक मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याइतका जाड असतो. तारेने दातावर सौम्य पण सतत दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड हळूहळू झिजते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरत जाते. अशा रीतीने दात मुळासकट जागा बदलतो.

हा वेग महिन्याला सुमारे एक मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. म्हणून "डॉक्टर, जरा जास्त आवळा, लवकर होऊ द्या" असे म्हणून उपयोग नाही. जास्त जोर लावला तर दात लवकर सरकत नाही, उलट मुळाला इजा होते. शेतात पेरलेले लवकर उगवावे म्हणून कोंब ओढून चालत नाही, त्यातलाच हा प्रकार.

सातव्या वर्षी एकदा दाखवा

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी दुर्लक्ष करतात. ही दाढ फार मोलाची. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने 1899 साली वाकड्या दातांचे जे वर्गीकरण मांडले ते याच दाढांच्या परस्परसंबंधावर आधारलेले आहे आणि ते आजही वापरले जाते.

या दाढा आणि पुढचे काही पटाशीचे दात आले, म्हणजे सातव्या वर्षाच्या सुमारास, मुलाचे दात एकदा दंतवैद्याला दाखवावेत. दाखवायचे म्हणजे लगेच तार लावायची असे नव्हे. बहुसंख्य मुलांना "आता काही नको, वर्षाने या" असेच सांगितले जाते. पण काही गोष्टी याच वयात हाताळाव्या लागतात. वरचा पटाशीचा दात खालच्या दाताच्या आत अडकणे, वरचा जबडा अरुंद असल्याने खालचा जबडा चावताना एका बाजूला सरकणे, पुढचे दात फारच बाहेर असणे, या त्या गोष्टी. फार पुढे आलेले दात खेळताना पडल्यावर सर्वांत आधी तुटतात, हेही लक्षात ठेवावे.

एका गोष्टीने मात्र घाबरू नये. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान वरच्या दोन मोठ्या दातांमध्ये फट दिसते आणि दात पंख्यासारखे पसरलेले वाटतात. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास वरचे सुळे खाली उतरले की ही फट पुष्कळदा आपोआप मिटते. दोरा बांधून किंवा रबर अडकवून ती घरी मिटवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. रबर हिरडीत शिरून चांगले दात निखळू शकतात.

तारेचे वय

जबड्याच्या वाढीतला दोष असेल तर मूल वाढत असतानाच उपचार करावा लागतो. खालचा जबडा मागे राहिला असेल तर काढता-घालता येणारे उपकरण देतात. मुलींमध्ये हा काळ साधारण दहा ते बारा आणि मुलांमध्ये बारा ते चौदा वर्षांचा. मुलींची वाढ लवकर होते आणि लवकर थांबते, म्हणून मुलीच्या बाबतीत "बघू पुढे" म्हणत राहिल्यास ही संधी हातची जाते. दुर्दैवाने घरात पैसे एकाच्याच उपचाराचे असतील तर मुलगा आधी आणि मुलगी नंतर, असे आजही पाहायला मिळते. शरीराचे घड्याळ याच्या उलट चालते, एवढे आईवडिलांनी ध्यानात घ्यावे.

दातांवर चिकटवायची पक्की तार बहुधा अकरा ते चौदा वर्षांच्या दरम्यान, बहुतेक कायमचे दात आल्यावर लावतात. प्रत्येक दातावर धातूची किंवा दाताच्या रंगाची छोटी खुंटी चिकटवतात आणि त्यांतून तार ओवतात. अलीकडे पारदर्शक प्लास्टिकचे साचेही मिळतात. ते दिसत नाहीत आणि जेवताना काढता येतात. पण दिवसातले वीस-बावीस तास घालावे लागतात, महाग असतात आणि प्रत्येक प्रकारच्या वाकड्या दातांना चालतातच असे नाही. जे मूल चष्मा आठवणीने लावत नाही त्याला असले साचे देऊन फारसा उपयोग नाही.

पहिल्या भेटीत काय होते?

पहिल्या दिवशी तार लागत नाही. दात तपासतात, सर्व दातांचा एक लांब एक्स-रे आणि डोक्याचा बाजूने एक एक्स-रे काढतात, दातांचा ठसा घेऊन प्लास्टरचा साचा बनवतात, फोटो घेतात. मग किती काळ लागेल, किती खर्च येईल, दात काढावे लागतील का, हे सांगतात. किडलेले दात आधी भरून घ्यावे लागतात, हिरड्या साफ कराव्या लागतात. ही तयारी न करता कोणी पहिल्याच दिवशी तार लावू म्हणाले तर दुसरीकडे सल्ला घ्यावा.

जागा फारच कमी असेल तर काहीजणांच्या बाबतीत उपदाढा, पुष्कळदा चार, काढाव्या लागतात. इथे घरोघरी एक भीती असते, की दात काढला की नजर कमी होते. हा गैरसमज आहे. दाताला जाणीव पुरवणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दात काढल्याने डोळ्याला काहीही होत नाही. सर्वांनाच दात काढावे लागतात असेही नाही, ते मोजमापावरून ठरते. मनात शंका असेल तर "का काढायचे?" हे स्पष्ट विचारावे. चांगला दंतवैद्य साचा हातात घेऊन दाखवील.

तार लावल्यानंतरचे दिवस

तार लावताना दुखत नाही. त्याच रात्रीपासून दात ठणकू लागतात आणि दोन ते पाच दिवसांत ते थांबते. प्रत्येक वेळी तार बदलली की थोडे असे होते. गरज पडली तर पॅरासिटामॉल मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांना विचारून द्यावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दिवसचे दिवस घेतल्यास दात सरकण्याचा वेग कमी होऊ शकतो. लहान मुलांना ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये.

गालाच्या आतून किंवा ओठाला खुंटी घासून फोड येतात. यासाठी दंतवैद्य मऊ मेण देतात. त्याची छोटी गोळी टोचणाऱ्या खुंटीवर दाबून बसवावी. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या कराव्यात. आठ-पंधरा दिवसांत गाल सरावतो.

खाण्याचे पथ्य महत्त्वाचे. आपल्या भागात ऊस दाताने सोलून खाणे ही मुलांची मोठी हौस. तार असताना ऊस दाताने सोलणे पूर्ण बंद. भाजलेले फुटाणे, चिक्की, कडक लाडू, सुपारी, कणीस दाताने तोडून खाणे, बर्फ चावणे हेही बंद. पेरू, सफरचंद बारीक फोडी करून खावे. भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून चालते. चिकट गोळ्या आणि चॉकलेट टाळावे. प्रत्येक वेळी एक खुंटी निघाली की एक जादा खेप आणि उपचारात दोन-चार आठवड्यांची भर, असा हिशेब मुलाला समजावून सांगावा. निघालेली खुंटी पोटात गेली तर बहुधा शौचावाटे निघून जाते. मात्र त्यानंतर ठसका, धाप किंवा श्वासाला त्रास सुरू झाला तर तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घासणे. तारेभोवती अन्न अडकते. ते तसेच राहिले तर तार काढल्यावर प्रत्येक दातावर खुंटीच्या कडेने पांढरे डाग उमटलेले दिसतात. ती किडीची सुरुवात असते आणि ते डाग पूर्ण जात नाहीत. सरळ पण डागाळलेले दात कोणाला हवेत? म्हणून प्रत्येक जेवणानंतर फ्लोराइडयुक्त पेस्टने, मऊ ब्रशने, खुंटीच्या वर आणि खाली असे वेगवेगळे घासावे. तारेखालून जाणारा बारीक ब्रश मिळतो, तो वापरावा. शाळेत ब्रश नेता येत नसेल तर डबा खाल्ल्यावर निदान तीन-चार चुळा जोरात भराव्यात. राख, मिश्री, कोळसा, मीठ बोटाने चोळणे बंद करावे.

तार निघाली, उपचार संपला नाही

दीड-दोन वर्षांनी तार निघते, आरशात नवा चेहरा दिसतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. नेमकी इथेच गफलत होते. दात नव्या जागी आले तरी हाड आणि भोवतालचे तंतू घट्ट व्हायला बराच काळ लागतो. तोवर दात जुन्या जागी परतू पाहतात. त्यांना थोपवण्यासाठी धारक, म्हणजे रिटेनर देतात. काहींच्या दातांमागे बारीक तार चिकटवतात, काहींना काढता येणारी पट्टी देतात. सुरुवातीचे काही महिने ती बहुधा दिवसरात्र आणि पुढे कित्येक वर्षे रात्री घालावी लागते. पट्टी कागदात गुंडाळून ठेवू नये, कचऱ्यात जाते. डबीत ठेवावी. उकळत्या पाण्याने धुऊ नये, आकार बिघडतो. हरवली तर "बघू नंतर" न म्हणता त्याच आठवड्यात दुसरी करून घ्यावी.

मोठ्या माणसांनी काय करावे?

"आता पस्तिशीत कसली तार?" असे अनेकजण म्हणतात. वयाची अट नाही. दात कोणत्याही वयात सरकतात, फक्त हिरड्या आणि हाड निरोगी हवे. वेळ मात्र थोडा जास्त लागू शकतो. जबड्याचा मोठा दोष मोठेपणी केवळ तारेने दुरुस्त होत नाही. जबड्याची वाढ पूर्ण थांबल्यावर शस्त्रक्रिया आणि तार यांची जोड द्यावी लागते.

आपल्याकडे चाळिशीनंतर अनेकांचे पुढचे दात हळूहळू पसरू लागतात, फटी पडतात. हे पुष्कळदा हिरड्यांच्या आजाराचे लक्षण असते. बायकांमध्ये मिश्री आणि पुरुषांमध्ये तंबाखू-गुटखा यांनी हिरड्यांचा नाश होतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी तोंडातून तो गेलेला नाही. अशा वेळी आधी हिरड्यांचा उपचार, तंबाखू बंद, मग तार. उलट क्रम केला तर दात सरळ होण्याऐवजी पडतात.

दंतवैद्याकडे जाताना आपल्या आजारांची आणि गोळ्यांची यादी न लपवता द्यावी. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या सुजतात आणि बरे व्हायला वेळ लागतो. फिट्सवरची फेनिटॉइन आणि रक्तदाबावरची ॲम्लोडिपिन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधे दात सरकण्यात अडथळा आणतात. हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर तो आधी सांगावा. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येत असेल तर तेही सांगावे, कारण तारेत बहुधा निकेल असते. यातली कोणतीही गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

लग्नाची घाई

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मुलीला पाहायला पाहुणे येऊन गेले की घरच्यांना तिचे दात एकदम दिसू लागतात. "दोन महिन्यांवर लग्न आहे, काहीतरी करा." दोन महिन्यांत तारेने काम होत नाही हे कळले की लोक झटपट उपायामागे धावतात. पुढचे चांगले, निरोगी दात कानसून त्यांवर टोप्या बसवणारे भेटतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचे असे घासलेले चार दात दोन वर्षांनी ठणकत, पू होऊन माझ्यापुढे आलेले मी पाहिले आहेत. घासलेला दात पुन्हा वाढत नाही आणि टोपी आयुष्यभर टिकत नाही. लग्नानंतरही तार लावता येते. सासरच्यांना आधी सांगून लावावी, त्यात लपवण्यासारखे काही नाही. गरोदरपणात एक्स-रे शक्यतो टाळतात आणि हिरड्या सुजतात, म्हणून मूल हवे असण्याचा विचार चालू असेल तर तसे दंतवैद्याला सांगावे.

कुठे जावे, काय विचारावे?

दंतवैद्याची मूळ पदवी बीडीएस. त्यानंतर तीन वर्षे ऑर्थोडॉन्टिक्स विषयात एमडीएस केलेला तो या कामाचा तज्ज्ञ. पाटीवरची पदवी वाचावी, विचारायला लाजू नये. खर्च जड वाटत असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे काम खासगीपेक्षा कमी खर्चात होते. नांदेड, परभणी आणि लातूर इथेही दंत महाविद्यालये आहेत. ओठ किंवा टाळू फाटलेले मूल असेल तर अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला जरूर दाखवावे. 2013 पासून चाललेल्या या कार्यक्रमात अशा मुलांना पुढच्या उपचारासाठी पाठवतात. अशा मुलांना शस्त्रक्रियेनंतर दातांचा उपचारही बहुधा लागतोच.

सुरुवातीलाच चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात : एकूण खर्च किती आणि त्यात रिटेनर धरला आहे का, पैसे हप्त्याने देता येतील का, किती दिवसांनी यावे लागेल, खुंटी निघाली तर वेगळे पैसे लागतील का. मग घरी बसून हिशेब करावा. दोन वर्षांत वीस-पंचवीस खेपा होतात. गाडीभाडे, बुडणारी मजुरी, मुलाची बुडणारी शाळा हे सगळे त्यात धरावे. हंगामात कोण घेऊन जाणार हेही ठरवावे. खेपा जवळच्या ठिकाणी सोप्या होणार असतील तर थोडा जास्त खर्चही परवडतो. हिशेब बसत नसेल तर वर्षभर थांबलेले बरे, पण अर्ध्यावर सोडणे नको. काही अडचणीने सोडावेच लागले तर तार तशीच तोंडात ठेवू नका. जाऊन काढून घ्या आणि रिटेनर मागा. मिळवले तेवढे तरी टिकेल.

आणि ज्यांच्या घरात सहा-सात वर्षांचे मूल आहे त्यांनी आज रात्री एवढेच करावे. त्याला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा आणि सर्वांत मागची दाढ पाहा. ती बहुधा कायमची असेल. तिच्यावर काळा ठिपका दिसला तर या आठवड्यातच दंतवैद्याकडे न्या.